वायरलेस ब्रॉडबँडवर ऑफिसचे काम : हवेतला कोणता टप्पा कोणाच्या भरवशावर?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचे उद्घाटन झाले आणि ही सेवा सर्वांत आधी मिळालेल्या शहरांमध्ये मुंबई होती. त्यानंतर वर्ष पूर्ण होण्याआधीच, ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने, याच ५जी लहरींवर चालणारे घरगुती ब्रॉडबँड मुंबईत आणले. ऐरोली, पवई, अंधेरीचे सीप्झ किंवा मालाडचे माइंडस्पेस अशा ठिकाणच्या कंपन्यांत नोकरी करणारी आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस डोंबिवली, विरार, कांदिवली किंवा पनवेलच्या घरातून काम करणारी कितीतरी माणसे आज अशा जोडणीवर विसंबून आहेत. जिथे जुन्या इमारतीत फायबरची केबल वरच्या मजल्यापर्यंत ओढू दिली जात नाही, किंवा रस्ता खोदायची परवानगी पावसाळा संपेपर्यंत मिळत नाही, तिथे गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलला एक पांढरा डबा बसवला की काम भागते. ही मोठीच सोय आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

मात्र ही जोडणी सुरक्षित आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ही एक जोडणी नसून अनेक जोडण्यांची साखळी असते. लॅपटॉपमधून निघालेली माहिती आधी वाय-फायने घरातल्या राउटरकडे जाते, तिथून ५जी लहरींवरून टॉवरकडे, टॉवरपासून कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे बहुतेक वेळा फायबरवरून, तिथून खुल्या इंटरनेटवर आणि शेवटी ऑफिसच्या किंवा क्लाउडमधल्या सर्व्हरपर्यंत. यातले दोन टप्पे हवेतले आहेत आणि त्या दोघांचे राखणदार वेगळे आहेत. टॉवरचा टप्पा दूरसंचार कंपनी सांभाळते. वाय-फाय आणि राउटर मात्र आपल्याशिवाय कोणी सांभाळत नाही, आणि साखळीत सर्वांत कच्चा दुवा तोच असतो. माहिती तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांनी आपल्या ताब्यातला हा दुवा पक्का करावाच, पण ऑफिसची माहिती मात्र असे गृहीत धरून पाठवावी की वाटेतला प्रत्येक टप्पा कोणीतरी ऐकत आहे. या लेखाचे म्हणणे इतकेच आहे; ते तसे का, हे आता टप्प्याटप्प्याने पाहू.

गच्चीपासून टॉवरपर्यंत

सर्वसामान्य माणसाला भीती वाटते ती याच टप्प्याची, कारण खिडकीतून निघालेल्या लहरी उघड्या आकाशातून जाताना कोणीतरी पकडील, ही कल्पना चटकन डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हा टप्पा बऱ्यापैकी भक्कम आहे. घराबाहेर बसवलेल्या संचात मोबाइलसारखेच सिम असते, त्यात एक गुप्त किल्ली साठवलेली असते, तीच किल्ली कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेतही असते आणि ती स्वतः कधीही हवेतून प्रवास करत नाही. जोडणी होताना संच नेटवर्कला आपली ओळख पटवतो आणि नेटवर्कलाही संचापुढे आपली ओळख पटवावी लागते. २जीच्या काळात ही दुसरी बाजू नव्हती. फोन टॉवरला ओळख दाखवत असे, टॉवर फोनला दाखवत नसे, आणि त्यामुळेच बनावट टॉवर उभारून संभाषण ऐकणारी उपकरणे शक्य झाली. ३जीपासून ही त्रुटी दूर झाली.

४जीमध्ये एक उणीव राहून गेली होती. वापरकर्त्याची माहिती एन्क्रिप्ट होत असे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात जात असे, पण वाटेत तिच्यात फेरफार झाला आहे का, हे तपासण्याची सोय त्या माहितीसाठी नव्हती. २०१८ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, मजकूर न वाचताही त्यातले काही बिट बदलून एखाद्याला भलत्याच संकेतस्थळाकडे वळवता येते. ५जीमध्ये ही तपासणी उपलब्ध आहे, मात्र ती चालू ठेवायची की नाही, हा निर्णय नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीचा असतो आणि ग्राहकाला तो घरबसल्या पाहता येत नाही. ५जीची दुसरी सुधारणा म्हणजे सिमची कायमची ओळख हवेत उघडपणे न पाठवता ती एन्क्रिप्ट करून पाठवली जाते. त्यासाठी मध्यवर्ती यंत्रणाही ५जीचीच असावी लागते. जुन्या ४जी गाभ्यावर, म्हणजे ४जीच्याच मध्यवर्ती यंत्रणेवर, ५जीचे टॉवर जोडले असतील, तर हा लाभ मिळत नाही. जिओने सुरुवातीपासून पूर्ण ५जी गाभ्याचा मार्ग घेतला, तर एअरटेलने सुरुवात ४जी गाभ्यावर केली.

इथे एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. हवेतले हे एन्क्रिप्शन संचापासून टॉवरच्या यंत्रणेपर्यंतच असते. तिथे माहितीचे कुलूप उघडते आणि पुढचा प्रवास कंपनीने स्वतंत्रपणे सुरक्षित केला असेल तेवढाच सुरक्षित असतो. म्हणून ‘५जी एन्क्रिप्टेड असते, मग व्हीपीएन (लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा एन्क्रिप्ट केलेला बोगदा) कशाला’ असे कोणी म्हणत असेल, तर तो एका टप्प्याचे कुलूप संपूर्ण वाटेला लावू पाहत आहे.

मुंबईत आणि विशेषतः उपनगरांच्या पलीकडे आणखी एक प्रकार आढळतो. स्थानिक पुरवठादार एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर लहान डिश रोखून ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींवर जोडणी नेतो आणि खालच्या घरांना केबलने इंटरनेट देतो. इथे सिम नसते आणि मोबाइल जगाची ती शिस्तही नसते; डिशच्या जोडीवर एन्क्रिप्शन चालू केले आहे का आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच ठेवला आहे का, हे सर्वस्वी त्या पुरवठादाराच्या माणसावर अवलंबून असते. अशी जोडणी घेणाऱ्याने हा प्रश्न सरळ विचारावा. उत्तर देताना समोरचा गोंधळला, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

टॉवरच्या टप्प्याचे शेवटचे अंग पत्त्यांचे आहे, आणि ते तांत्रिक माणसांच्याही नजरेतून निसटते. मोबाइल कंपन्यांकडे जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे इंटरनेटवरचे पत्ते अपुरे असल्यामुळे अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिला जातो. त्यामुळे बाहेरून कोणी थेट घरातल्या उपकरणाशी संपर्क साधू शकत नाही आणि आपोआप एक आडोसा तयार होतो. परंतु याच जोडणीवर आयपीव्ही६ ही नवी पद्धतही चालू असते, आणि त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा, जगात कुठूनही पोहोचता येईल असा पत्ता मिळतो. तिथे तो आडोसा नसतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे नको ते संपर्क अडवणारी सोय, चालू असेल तरच संरक्षण मिळते. घरच्या लॅपटॉपवर चाचणीसाठी डेटाबेस किंवा वेब सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरने राउटरच्या सेटिंगच्या (व्यवस्थापन) पानावर जाऊन ही एक खूण तपासली पाहिजे.

घरातले वाय-फाय

शेजारच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास जसा भिंतीला न जुमानता आपल्या घरात येतो, तसे वाय-फाय मुंबईच्या इमारतींत मजले आणि भिंती ओलांडत असते. दादरच्या एखाद्या जुन्या इमारतीत किंवा कांदिवलीच्या बहुमजली टॉवरमध्ये मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, तर वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. त्यांत आडनावे असतात, फ्लॅटचे क्रमांक असतात आणि कंपनीने दिलेली मूळ नावेही असतात. ज्या अंतरावरून आपल्याला ती नावे दिसतात, त्याच अंतरावरून आपले नेटवर्क इतरांना दिसते. बंगल्यांच्या वस्तीत हल्लेखोराला रस्त्यावर गाडी उभी करून थांबावे लागेल. इथे तो भिंतीपलीकडे भाड्याने राहत असू शकतो आणि त्याला महिनाभर वेळ असतो.

वाय-फायच्या सुरक्षिततेचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण जुन्या राउटरमध्ये तो अजून जिवंत आहे. १९९७ च्या पहिल्या मानकातली डब्ल्यूईपी ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१ मध्येच संशोधकांनी मोडून दाखवली होती. तरीही ती वर्षानुवर्षे वापरात राहिली. अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानसाखळीत २००५ मध्ये चोर शिरले ते अशाच कच्च्या वाय-फायमधून, आणि जानेवारी २००७ मध्ये प्रकरण जाहीर झाल्यानंतर ४ कोटी ५० लाखांहून अधिक कार्डांचा तपशील चोरीस गेल्याचे समोर आले. दरम्यान २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये एईएस एन्क्रिप्शन वापरणारी डब्ल्यूपीए२ ही पद्धत आली. आज बहुतेक घरांत हीच चालते. २०१७ मध्ये बेल्जियममधील लूव्हन विद्यापीठाच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी तिच्या हातमिळवणीतला, म्हणजे जोडणी होतानाच्या संदेशांच्या देवाणघेवाणीतला, दोष उघड केला. तो सॉफ्टवेअर अद्ययावत करून दूर करता आला. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली.

डब्ल्यूपीए२मधले एन्क्रिप्शन आजही चांगले आहे. दुबळा असतो तो पासवर्ड. लॅपटॉप किंवा मोबाइल राउटरशी जोडला जातो, तेव्हा दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यांत उघडपणे जात नाही, पण तो जाणणाऱ्यालाच तयार करता येईल अशी खूण त्यांत असते. बाहेरच्या माणसाने ही देवाणघेवाण एकदा टिपली, की त्याला पुन्हा आपल्या घराजवळ येण्याची गरज उरत नाही. तो स्वतःच्या संगणकावर एकेक पासवर्ड गृहीत धरून ती खूण जुळते का, हे पाहत बसतो. आपल्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही आणि कुठल्याही नोंदीत त्याची खूण उमटत नाही.

आता आपल्याकडचा रिवाज पाहा. जोडणी बसवायला आलेला तंत्रज्ञ घाईत असतो, त्याला पुढच्या घरी जायचे असते, आणि तो ग्राहकाला विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील.’ भारतातले मोबाइल क्रमांक १० अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. हा आकडा मोठा वाटतो. परंतु गेम खेळण्यासाठी विकत मिळणारे वरच्या दर्जाचे एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला २० लाखांहून अधिक पासवर्ड तपासू शकते. या वेगाने देशातला प्रत्येक संभाव्य मोबाइल क्रमांक तपासून व्हायला साधारण अर्धा तास लागतो. आठ अंकी जन्मतारीख असेल, तर एक मिनिटही लागत नाही. याउलट इंग्रजीची लहान अक्षरे आणि अंक यांचा कोणताही अर्थ नसलेला, यंत्राने निवडलेला १२ चिन्हांचा पासवर्ड घेतला, तर त्याच कार्डाला सर्व शक्यता तपासायला ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. घरच्या सुरक्षिततेसाठी करता येण्याजोग्या सर्व गोष्टींत सर्वाधिक लाभ देणारी गोष्ट हीच आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

डब्ल्यूपीए३ने नेमका हाच मार्ग बंद केला. तिच्यातली देवाणघेवाण टिपून घरी नेली, तरी तिच्यावर पासवर्ड तपासता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष संपर्क साधावा लागतो आणि तिथे वेग मंदावतो. दुसरा फायदा आपल्या शेजारधर्माच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डब्ल्यूपीए२मध्ये ज्याला पासवर्ड ठाऊक आहे तो, योग्य वेळी देवाणघेवाण टिपल्यास, त्याच नेटवर्कवरील इतरांची वाहतूकही, म्हणजे येणारी-जाणारी माहितीही, उलगडू शकतो. शेजारच्या मुलाच्या ऑनलाइन परीक्षेसाठी दिलेला, मग त्याच्या मित्रापर्यंत पोहोचलेला पासवर्ड म्हणजे केवळ फुकट इंटरनेट नव्हे. डब्ल्यूपीए३मध्ये पासवर्ड माहीत असूनही दुसऱ्याची टिपलेली वाहतूक अशी उलगडत नाही. २०१९ मध्ये डब्ल्यूपीए३च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही दोष सापडले आणि ते दुरुस्त झाले, त्यामुळे तिला अभेद्य मानू नये. शिवाय जुनी उपकरणे चालावीत म्हणून बहुतेक राउटर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालवतात. अशा मिश्र व्यवस्थेत हल्लेखोर उपकरणाला खालच्या पद्धतीकडे ढकलू शकतो, म्हणून लांब पासवर्डाची गरज संपत नाही.

बटण दाबून किंवा ८ अंकी पिन देऊन जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय मात्र बंदच ठेवावी. २०११ च्या अखेरीस असे दिसून आले की, राउटर या पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढता येतो. त्यामुळे १० कोटी शक्यतांऐवजी जेमतेम ११ हजार प्रयत्न पुरतात. नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी यादी ठेवणे, हे दोन उपाय अनेक जण मनापासून करतात, पण त्यांच्यावर वेळ घालवू नये असे माझे मत आहे. उपकरणांचे पत्ते हवेत उघडपणे जात असतात आणि ते नक्कल करता येतात, तर लपवलेले नाव आपला मोबाइल स्वतःच बाहेरगावी हाका मारून शोधत राहतो.

या साऱ्याचा केवळ ऑफिसच्या माहितीशी संबंध आहे, असेही नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घरातल्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेला होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून. ज्यांची जोडणी वापरली गेली, त्यांना आधी चौकशीला सामोरे जावे लागले. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी शहरातल्या उघड्या वाय-फाय जोडण्या शोधण्याची मोहीम हाती घेतली. इंटरनेटवर पत्ता दिसतो तो जोडणी घेणाऱ्याचा, वापरणाऱ्याचा नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी या शहराने फार कठीण प्रसंगी शिकली.

राउटर हाही संगणकच

कोपऱ्यात दिवे लुकलुकवत पडलेला राउटर आपण पंख्यासारखा वापरतो, पण तो एक पूर्ण संगणक आहे, त्यावर बहुधा लिनक्स चालते आणि त्यात दोष निघतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या एका प्रकाराने डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत केली. हल्ला झाला होता तो कंपनीला दुरून राउटर सांभाळता यावा म्हणून उघड्या ठेवलेल्या दरवाजावर. आपल्या वायरलेस ब्रॉडबँडचे संचही पुरवठादार दुरूनच सांभाळतात आणि अद्ययावत करतात. हे एका अर्थी चांगले आहे, कारण सर्वसामान्य ग्राहक स्वतः अद्ययावत करत नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की, त्या डब्यावर आपली पूर्ण मालकी नसते. म्हणून ऑफिसचे काम गंभीर स्वरूपाचे असेल, तर पुरवठादाराच्या संचामागे स्वतःचा, नियमित अद्ययावत होणारा राउटर लावावा आणि घरातले वाय-फाय त्याच्यावर चालवावे.

राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि तो बहुतेक घरांत जोडणी बसवल्या दिवसापासून बदललेला नसतो. हे पान हाती आले, की हल्लेखोर नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हर बदलतो आणि मग घरातले प्रत्येक उपकरण त्याला विचारून वाट चालू लागते. स्मार्ट टीव्ही, स्वस्तातले कॅमेरे, बोलणारे स्पीकर आणि मुलांचे टॅब यांच्यासाठी राउटरमधले पाहुण्यांचे नेटवर्क चालू करावे आणि ऑफिसचा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर एकटा ठेवावा. पाच वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याला दुरुस्ती मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. त्याला ऑफिसच्या लॅपटॉपच्या शेजारी बसवण्याचे काहीच कारण नाही.

एवढे करूनही राउटर शत्रूच्या हाती जाऊ शकतो, हे धरून चालणारी व्यवस्था लॅपटॉपमध्ये असावी लागते. व्हीपीएन ही ती व्यवस्था आहे, पण तिचीही रचना पाहावी लागते. मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका तंत्राने दाखवले की, स्थानिक नेटवर्कवरचा दुष्ट सर्व्हर उपकरणाला पत्ता देतानाच वाहतुकीचे मार्गही देऊ शकतो आणि त्यामुळे काही वाहतूक व्हीपीएनच्या बोगद्याबाहेरून निघून जाते, तर पडद्यावर व्हीपीएन जोडलेलेच दिसते. अँड्रॉइडवर हे चालत नाही, कारण ती व्यवस्था तसे मार्ग स्वीकारत नाही. लॅपटॉपवर उपाय म्हणजे बोगद्याबाहेरची वाहतूक सरळ अडवणारे फायरवॉलचे नियम. वेग वाढावा म्हणून काही कंपन्या ठरावीक वाहतूकच व्हीपीएनमधून नेतात. तसे करायला हरकत नाही, पण डीएनएसला विचारले जाणारे प्रश्न तरी बोगद्यातूनच जावेत. आणि व्हीपीएन असो वा नसो, आतल्या प्रत्येक सेवेवर टीएलएस, म्हणजे उपकरणापासून सर्व्हरपर्यंतचे एन्क्रिप्शन, आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या खऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची तपासणी हवी. ‘आपल्या आतल्याच नेटवर्कवर आहे’ म्हणून प्रमाणपत्राची सूचना डावलून पुढे जाण्याची सवय चाचणीच्या सर्व्हरपासून सुरू होते आणि मग कुठेच थांबत नाही.

पावसाळ्यात आणखी एक प्रसंग येतो. ५जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना पावसाचा फारसा त्रास होत नाही, २६ गिगाहर्ट्झच्या लहरी मात्र जोरदार सरीत क्षीण होतात. पाऊस असो किंवा लाइट गेलेली असो, जोडणी तुटली की माणूस मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करतो आणि मीटिंग पुढे चालू ठेवतो. तसे करणे योग्यच आहे, आणि अनोळखी वाय-फायपेक्षा ते केव्हाही बरे. फक्त त्या हॉटस्पॉटचा पासवर्डही त्याच कसोटीचा असावा आणि त्याला आपले किंवा कंपनीचे नाव नसावे. लोकलच्या डब्यात वाय-फायची यादी उघडली, तर कोण कुठल्या कंपनीत काम करते, हे अनेकदा तिथेच वाचायला मिळते.

घराबाहेर

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल हे रेलटेल आणि गूगल यांच्या मोफत वाय-फायचे देशातले पहिले स्थानक ठरले, आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी सार्वजनिक वाय-फाय सुरू केले. अशा जागी हवेतले एन्क्रिप्शन बहुधा नसतेच. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून उघडणारे पान म्हणजे ओळखीची नोंद, एन्क्रिप्शन नव्हे. तिथल्या नावाचेच दुसरे नेटवर्क कोणीही शेजारी उभे करू शकतो आणि मोबाइल जास्त जोराच्या लहरीकडे आपण होऊन जातो. आज जवळजवळ सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे ब्राउझरपासूनच एन्क्रिप्ट होणाऱ्या जोडणीवर, असल्यामुळे कोणी शेजारी बसून आपला ई-मेल वाचील, ही दहा-पंधरा वर्षांपूर्वीची भीती बरीच कमी झाली आहे, आणि ती जुन्याच तीव्रतेने सांगणे योग्य नाही. खरा धोका आता त्या लॉगिनच्या पानाचा आहे, कारण तिथे ऑफिसचा ई-मेल आणि पासवर्ड मागितला, तर घाईत असलेला माणूस तो देऊन मोकळा होतो. मोबाइलमधले जुने सार्वजनिक नेटवर्क ‘विसरा’ असे सांगून काढून टाकणे आणि आपोआप जोडणी बंद ठेवणे, या दोन गोष्टी पुरेशा परिणामकारक आहेत.

समोरच्या इमारतीतून

ऑफिसचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये व्होलेक्सिटी या सुरक्षा कंपनीने प्रसिद्ध केलेला तपास बारकाईने पाहण्यासारखा आहे. २०२२ च्या सुरुवातीस अमेरिकेतील वॉशिंग्टनमध्ये एका संस्थेवर रशियाशी संबंधित एपीटी२८ या हॅकरांच्या गटाने हल्ला केला. गटाने त्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड मिळवले होते, पण इंटरनेटवरून लॉगिन करायला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लागत असल्यामुळे त्यांचा उपयोग होईना. वाय-फायला मात्र नुसते नाव आणि पासवर्ड पुरत होते. अडचण एवढीच होती की, हल्लेखोर हजारो मैल दूर होते. तेव्हा त्यांनी शेजारच्या दुसऱ्या एका संस्थेत शिरकाव केला, तिथे केबलने जोडलेला पण वाय-फायचे कार्डही असलेला संगणक शोधला आणि त्याच्या वाय-फायमधून मूळ संस्थेच्या नेटवर्कला जोडून घेतले.

वाय-फायवर हल्ला करायला माणूस जवळ यावा लागतो, हा आजवरचा दिलासा या प्रकरणाने काढून घेतला. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा अंधेरीच्या एका व्यापारी इमारतीत एकाच मजल्यावर चार कंपन्या असतात, समोरच्या काचेपलीकडे आणखी वीस असतात, आणि त्या सर्वांची सुरक्षा सारखी नसते. अशा ठिकाणी ऑफिसच्या वाय-फायलाही इंटरनेटवरून येणाऱ्या लॉगिनइतकेच कठोर नियम लावले पाहिजेत. पासवर्डाऐवजी प्रत्येक उपकरणाला प्रमाणपत्र देणारी ईएपी-टीएलएस पद्धत हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय आहे. नाव आणि पासवर्डावर चालणारी पीईएपी पद्धत वापरायचीच असेल, तर उपकरणाने सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासणे सक्तीचे करावे, नाहीतर बनावट नेटवर्क कर्मचाऱ्याच्या पासवर्डाची खूण हस्तगत करते, आणि तिच्यामागची, पासवर्ड पडताळणारी एमएस-चॅपव्ही२ पद्धत २०१२ पासूनच मोडीत निघालेली आहे. केबल जोडलेली असताना वाय-फाय बंद राहील असे धोरण लॅपटॉपवर लावता येते आणि ते लावावे. वाय-फायवर आलेल्या उपकरणाला थेट फाइल सर्व्हर दिसू नयेत, हेही तितकेच गरजेचे आहे. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीबाबत बोलायचे, तर मोबाइलवर ‘हो’ म्हणण्याच्या सूचनेपेक्षा पासकी (उपकरणातच साठवलेली लॉगिनची किल्ली) किंवा वेगळी हार्डवेअर किल्ली चांगली, कारण ती बनावट पानावर चालतच नाही.

संशय आला तर

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायच्या असतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. राउटरसारख्या नेटवर्क उपकरणांवरील हल्ले त्या यादीत आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे बंधन कंपनीवर आहे, कर्मचाऱ्यावर नाही. पण घरातल्या राउटरमधून काही घडले, तर ते ६ तास पाळता येतील की नाही, हे कर्मचारी किती लवकर सांगतो यावर ठरते. उशीर होतो तो बहुधा संकोचामुळे, आणि म्हणून लवकर कळवणाऱ्याला दोष न देणे हे व्यवस्थापकांचे कर्तव्य आहे.

घरी असताना राउटरचा डीएनएस आपोआप बदललेला दिसला, ओळखीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राची सूचना येऊ लागली किंवा जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव आले, तर ऑफिसचा लॅपटॉप त्या नेटवर्कवरून काढावा, तो बंद करू नये आणि सुरक्षा विभागाला मोबाइलवरून फोन करावा. काय दिसले आणि किती वाजता दिसले, हे लिहून ठेवावे. बँक खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. अशा वेळी सर्वांत आधी हात जातो तो राउटरच्या मागच्या रीसेटच्या छिद्राकडे, पण तसे केल्याने राउटरमधल्या नोंदी पुसल्या जातात. आधी व्यवस्थापन पानावरची उपकरणांची यादी, डीएनएसचे पत्ते आणि नोंदींचे पान यांचे फोटो काढावेत, ते सुरक्षा विभागाला पाठवावेत, आणि त्यांनी सांगितल्यावरच रीसेट, नवे फर्मवेअर (राउटरचे अंतर्गत सॉफ्टवेअर) आणि नवे पासवर्ड या क्रमाने काम करावे.